लंकाबाईंच्या पन्हळीतला गाळ

१

मेचा दुसरा आठवडा लागला की अब्बांचा फोन आमच्यापैकी कोणालाच लागत नाही. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत ज्या ज्या घराला त्यांनी पन्हळ लावून दिली आहे, त्या सगळ्या घरांना एकाच वेळी आठवतं की पाऊस तोंडावर आलाय आणि छपराच्या कडेला वर्षभराचा पालापाचोळा कुजत पडलाय. मग सकाळी सहापासून इस्माईलभाऊ, इस्माईलभाऊ सुरू होतं. पत्रा वाकवून पन्हळ तयार करायची, जोडांना कथलाचा डाग द्यायचा, हा आमचा मूळ धंदा. साफसफाई नंतर चिकटली आणि आता मूळ धंद्यापेक्षा जास्त तीच चालते.

मागच्या हिवाळ्यात अब्बांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी शिडीवर चढू नका म्हणून सांगितलं. अब्बांनी त्याचा अर्थ एकट्याने चढू नका असा घेतला आणि मला सोबत घेतलं. मी बी.एस्सी. झालेले आहे, वनस्पतिशास्त्रात, आणि सध्या घरीच आहे. या कामाला लागणारा एकही गुण माझ्यात नाही. मी स्वतः गॅसवर ठेवलेल्या कुकरच्या शिट्टीला दचकते. ही इफरा शिडी धरणार तर हिला कोण धरणार, असं अम्मी पहिल्याच दिवशी म्हणाली होती. (घरी आम्ही आमचं मिसळलेलं हिंदी बोलतो. इथे सगळं मराठीत लिहिते आहे.)

लोकांना वाटतं, पन्हळीतून घाण खाली काढली की काम संपलं. अब्बांच्या मते तिथून निम्मं काम सुरू होतं. खाली आलेला ओला गाळ अंगणात गोणपाटावर पसरायचा, निथळू द्यायचा, मग चाळायचा आणि चाळणीत जे राहील ते घरमालकाला दाखवायचं. कानातली रिंग निघते, किल्ली निघते, क्रिकेटचे बॉल तर निघतातच. ओतूरला एका आजोबांची कवळी निघाली. त्यांनी ती नळाखाली धुतली, तिथेच बसवली आणि म्हणाले की तीन वर्षं वरणभातावर काढली. उरलेला गाळ त्याच घराच्या आवारात खड्डा करून पुरायचा. ओढ्यात टाकायचा नाही, शेजाऱ्याच्या बांधावर नाही, आणि खत म्हणून कितीही छान दिसला तरी आपल्या घरी आणायचा नाही. मोगऱ्याच्या कुंडीसाठी मी एकदा पिशवीभर मागितला, तर अब्बांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी पिशवी घडी करून ठेवून दिली.

२

गेणभाऊंचं घर डिंभ्याच्या पुढे, रस्ता सोडून चढावर, एकटंच. दोन उतारांचं कौलारू घर, पुढे ओटी, मागे परडं, परड्याच्या टोकाला एक आंबा. अब्बांनी तिथे पन्हळ लावली तेव्हा मी तीन-चार वर्षांची असेन. तेव्हापासून त्यांचं एकही वर्ष चुकलं नव्हतं. मी पहिल्यांदाच जात होते आणि अब्बा शेवटचं. गुडघ्यांमुळे पुढच्या वर्षीपासून लांबची घरं बंद, असं त्यांनी गेणभाऊंना फोनवर कळवलं होतं.

घोडेगाव सोडल्यावर मोटारसायकलवर अब्बांनी मला सूचना दिल्या. माणसं सोन्यासारखी आहेत. जेवल्याशिवाय सोडणार नाहीत. लंकाबाई चाळणीपाशी येऊन बसतील, त्यांना बसू दे. काही निघालं तर त्यांच्या हातावर ठेव आणि पुढच्या घमेल्याला लाग, काही विचारू नकोस. आता मला असं सांगायचं असतं का? मी डिंभ्यापर्यंत तीनदा विचारलं. प्रत्येक वेळी अब्बांनी रिकाम्या रस्त्यावर हॉर्न वाजवला.

पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि घरातून पुरण शिजल्याचा वास येत होता. सण कसलाच नव्हता. गेणभाऊ म्हणजे उंच, वाळलेले, सतत काहीतरी चेष्टा करणारे काका. मी शिडीला बिलगून उभी राहिले तेव्हा त्यांनी अब्बांना विचारलं की पोरगी शिडीला धरतीय का शिडी पोरीला. लंकाबाईंनी घडीच्या रेघा दिसणारं कोरं लुगडं नेसलं होतं आणि केसांत अबोली माळली होती. त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. बाकी सगळं बोलणं हसण्यातच चाललं होतं आणि दर दोन वाक्यांनी त्या म्हणत होत्या, आज लई चांगला दिवस हाय.

पुढची बाजू आधी घेतली. अब्बा शिडीवरून खुरपीने खरवडत, घमेलं भरलं की दोरीने खाली सोडत. मी ते ओतून पसरायचं, चाळायचं, पुन्हा धावत शिडी धरायला यायचं. आंब्याची पानं, पिसं, कौलाचा तुकडा, प्लास्टिकच्या बॉलची एक वाटी, पालीचा अख्खा सापळा. सापळ्याला मी किंचाळले तेव्हा मागून गेणभाऊंनी कोण मेलं म्हणून विचारलं. 

लंकाबाई पाटावर बसून होत्या. सापळ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मात्र मी चाळणी हलवली की त्या पुढे झुकत, आणि चाळणी रिकामी झाली की परत मागे होत. तांदळातले खडे बघताना बायका बघतात तशी त्यांची नजर गाळावरून फिरायची. एकही दाणा चुकवायची नाही.

पुढची बाजू संपली. निघालं काहीच नाही. त्यांचं हसू गेलं नाही, पण पदर त्यांनी दोनदा सारखा केला.

“मागली बाजू ऱ्हायलीय अजून,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “मागल्या अंगालाच निघतंय येरवी बी.”

काय निघतं, असं मी विचारलं. विचारायचं नाही हे माहीत असून.

३

त्या मला पाणी द्यायच्या निमित्ताने आत घेऊन गेल्या. मधल्या खोलीत बाहेरच्या उन्हाच्या मानाने इतका अंधार होता की आधी मला फक्त टीव्हीचा लाल दिवा दिसला. मग सारवलेली जमीन. मग भिंतीपासून भिंतीपर्यंत बांधलेली दोरी आणि तिच्यावर ओळीने मुलींचे फ्रॉक. सगळ्यात आधी अगदी लहान, मग जरा मोठा, मग आणखी मोठा, शेवटी बारा-तेरा वर्षांच्या मुलीला होईल असा पंजाबी ड्रेस. सगळे कोरे. तीन-चारांच्या गळ्याला दुकानाचा कागद तसाच होता. मला वाटलं, नातीसाठी घेतले असतील. मला नेहमी आधी असंच काहीतरी वाटतं आणि तेच बरं असतं.

लंकाबाईंनी फडताळातून स्टीलची चपटी डबी काढली. आत कापूस आणि कापसावर दात. लहान मुलाचे, दुधाचे.

आता दुधाचा दात पडला की तो शेणाच्या गोळीत घालून कौलावर फेकायचा आणि चिमणीकडे नवा मागायचा, हे आमच्याकडेही सगळ्यांना माहीत आहे. माझा पहिला दात अब्बांनी शेणाशिवायच पत्र्यावर फेकला होता आणि तो घरंगळत दोनदा परत आला. तिसऱ्यांदा अब्बांनी तो शेजारच्यांच्या पत्र्यावर टाकला. म्हणून माझे दात वाकडे आले, असं अम्मी अजून म्हणते. तेव्हा पन्हळीत दात निघणं यात काही विशेष नाही. मी तसं म्हणालेही. साधनाताईंचे असतील. ही त्यांची थोरली मुलगी, लग्न होऊन नारायणगावला दिलेली.

साधनाचे दात तिच्या मामाकडं पडले, असं लंकाबाई म्हणाल्या. ती तिकडंच शाळेला होती. हे भागूचे.

भागू धाकटी. साडेपाच वर्षांची असताना भादव्यात तापाने गेली. तेव्हा तिचा खालचा पुढचा दात हलत होता. दिवसभर जिभेने हलवत बसायची आणि शेणाची गोळी तिने आठ दिवस आधीच करून खिडकीत वाळत ठेवली होती. लंकाबाई हे सांगताना हसत होत्या. ती गोळी वाळून दगड झाली व्हती, म्हणाल्या.

“दात काय पडला न्हाई तिचा. मग त्या साली तुज्या बापानं पन्हळ लावली. म्होरल्या साली साफ केली तवा पयला निघाला.”

मी डबीकडे बघत राहिले. दात एका ओळीत मांडले होते. आधी पुढचे चपटे, खालचे मग वरचे, मग बाजूचे, मग दाढा, मग सुळे. दरसाल एक, शेवटचे चार-पाच मुळाशी जरा लालसर. मी मोजले नाहीत, त्यांनीच सांगितले. एकोणीस.

“ईस असत्यात लेकराला. डॉक्टरला इचारलंय मी. ईस पडले का मोठं झालं लेकरू.” त्यांनी डबी लावून टाकली आणि माझ्या हातात गुळाचा खडा ठेवला. “आज इसावा.”

४

बाहेर आले तेव्हा ऊन इतकं चकचकीत होतं आणि अब्बा शिडी मागच्या बाजूला नेताना गेणभाऊंना कुठल्या तरी लग्नातली गोष्ट सांगत इतके हसत होते, की मला सगळं लगेच समजलं.

म्हणजे असं. कोणीतरी दरवर्षी एक दात आणून पन्हळीत ठेवत होतं. शाळेतल्या पोराला चॉकलेट दिलं की दुधाचा दात कोणीही देईल. आणि हे करणारा माणूस कोण, तेही उघड होतं. बायको वेडी व्हायच्या बेतात आलेली बघून एका नवऱ्याने पहिल्या वर्षी हे केलं असणार, आणि मग थांबवता आलं नसणार. मला एकदम गेणभाऊंबद्दल इतकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. गूळ खात खात मी परड्यात गेले. आंब्याखाली ते खड्डा खणत होते. शिडी भिंतीला लावून झाली होती आणि अब्बा पुढे हात धुवायला गेले होते.

मी आडून आडून बोलायचा प्रयत्न केला आणि मग सरळच म्हणाले, काका, मावशींनी डबी दाखवली. तुम्ही त्यांच्यासाठी जे करता ते फार मोठं आहे.

गेणभाऊंनी फावडं टेकवलं, घाम पुसला आणि माझ्याकडे फार मायेने बघितलं.

“मी कशाचं करतोय, पोरी. तुजा बाप करतोय. एकोणीस साल झाली, कदी तोंडातनं शबूद काढला न्हाई त्यानं. मी बी न्हाई काढला. असल्या गोष्टी बोलून खराब करू ने.”

म्हणूनच ते दरवर्षी मजुरीशिवाय पायलीभर इंद्रायणी तांदूळ आमच्या गाडीला बांधतात. निघताना अब्बांच्या खांद्यावर हात ठेवतात आणि उपकार म्हणतात. पन्हळीच्या साफसफाईला कोणी एवढे उपकार मानतं का, हे अब्बांनी घरी अनेकदा बोलून दाखवलं होतं.

अब्बा. अर्थातच. हे मला आधी सुचायला हवं होतं. आमच्या गल्लीत शमाच्या मुलाचे दात, हमदानच्या मुलांचे दात, अब्बा सगळ्यांचे लाडके चाचा. मागितला असेल एखादा.

५

अब्बा हात पुसत ओटीवर चहाची वाट बघत बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसले आणि हळूच म्हणाले की अब्बा, पुढच्या बाजूला ठेवायला विसरलात वाटतं, मागे आठवणीने ठेवा, मावशींनी पुरण घातलंय.

काय ठेवू, अब्बांनी विचारलं.

दात, मी म्हणाले.

अब्बांनी आधी दाराकडे बघितलं, लंकाबाई ऐकत नाहीत ना म्हणून. मग आवाज खाली आणून म्हणाले, हे गेणभाऊंचं आहे, आपण त्यात पडायचं नाही. मी पहिल्याच वर्षी ओळखलं. काय माणूस आहे. बायकोसाठी एवढं कोण करतं. मी फक्त निघालेली वस्तू मालकिणीच्या हातावर ठेवतो.

मला हसू आलं. खरंच आलं. दोन बाप्ये एकोणीस वर्षं एकमेकांना मनातल्या मनात सलाम करतायत आणि दोघांनाही वाटतंय की दुसरा. किती गोड गोष्ट आहे, ही मी अम्मीला कशी सांगेन, इथपर्यंत माझा विचार गेला.

मग मी हसायची थांबले. अब्बांनी विचारलं काय झालं. मी त्यांना गेणभाऊ काय म्हणाले ते सांगितलं.

अब्बा हात पुसायचे थांबले. ते माझ्याकडे बघत होते, पण ऑपरेशन झालेला डोळा थोडा उशिरा फिरला आणि मला तेवढ्यानेही दचकायला झालं. मग त्यांनी, बहुतेक माझ्यासाठीच, चेहरा नीट केला. खार असेल, म्हणाले. खारी काहीही उचलून आणतात. मी म्हटलं, हो, असेल. खार आधी पुढचे दात आणि शेवटी सुळे आणते का, हे मी विचारलं नाही. शेवटची चार-पाच वर्षं निघाले ते मुळाशी थोडे लाल होते का, हेही नाही.

गेणभाऊंशी बोलून येतो, तू मागचा ढीग चाळायला घे, असं म्हणून ते उठले. मागे अजून ढीग नव्हताच. एक-दोन घमेली त्यांनी शिडी लावल्या लावल्या उतरवली होती तेवढीच, आणि खुरपी, घमेलं, दोरी वरच ठेवून ते चहाला आले होते. पण हातांना काम हवं होतं, म्हणून मी गेले.

६

परड्यात घराकडे पाठ करून बसावं लागत होतं. तोंड घराकडे केलं की ऊन सरळ डोळ्यांत. आंब्याखाली गेणभाऊ नव्हते, खड्डा तयार होता, माझ्यापासून चार पावलांवर. मी चाळणी हलवायला लागले.

थोड्या वेळाने वर खुरपीचा आवाज सुरू झाला. पत्र्यावर खुरपी घासली की दातांतून कळ जाते, तो आवाज. मला बरं वाटलं. म्हणजे अब्बा बोलून परत आले आणि चढलेसुद्धा. शिडी धरायला हाक मारली नाही म्हणून मी पाठमोरीच त्यांना रागावले. डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली, तेही सांगितलं. घमेलं दोरीने खाली आलं. मी मागे हात करून ते ओढून घेतलं, ओतलं, परत ठेवलं. दोरी वर गेली. खुरपी पुन्हा सुरू झाली, जरा घाईघाईने, जरा वेडीवाकडी. घमेलं पुन्हा आलं. अर्धंच भरलेलं. मी म्हणाले, अब्बा, एवढंसं काय पाठवता, उगीच खेपा.

वर कोणीतरी हसलं. दाबून, नाकातून. 

त्याच वेळी घराच्या पुढून, ओटीवरून, अब्बांचा आवाज आला. साखर कमी घाला म्हणत होते.

मी चाळणी हलवत राहिले. मला वाटतं बराच वेळ. मनात मी नीट, मुद्देसूद विचार करत होते, की घराला दोन बाजू आहेत, आवाज फिरतो, डोंगराजवळ तर नक्कीच फिरतो. चाळणीत पानं होती, एक किल्लीसारखं काहीतरी होतं, ती काडी निघाली. आणि दात होता. सुळा. धुतल्यासारखा पांढरा, आणि मुळाशी लाल, अजून ओला. मी उचलला तेव्हा तो तोंडातल्या दातासारखा कोमट होता.

मग मी मान वळवली. पूर्ण नाही. डोळ्यांत ऊन होतं आणि पन्हळीची कड काळी दिसत होती. त्या कडेवर आतून बाहेर आलेली बोटं होती, चार आणि चार, गाळाने माखलेली, आणि त्यांच्या मधोमध काहीतरी वाकून माझ्याकडे, म्हणजे माझ्या मुठीकडे, बघत होतं. तोंड उघडं होतं. नव्या आलेल्या दातांना सुरुवातीला करवतीसारखी धार असते, ती मला दिसली. मी पुन्हा चाळणीकडे बघायला लागले.

खड्डा चार पावलांवर होता. सगळा ढीग त्यात लोटला, वर माती ओढली, तर कोणाला काही कळणार नव्हतं. पुढच्या वर्षी इथे कोणी येणार नव्हतं. एकोणीसच राहिले असते. मी ठरवलंच होतं. मी उठलेसुद्धा.

लंकाबाई कोपऱ्यावरून आल्या, हाताला पीठ लागलेलं. त्यांनी वर बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं, आणि काही विचारलं नाही. काही निघालं नाही, असं सांगायला माझं तोंड उघडलं होतं. पण त्या बाईने विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर मला खोटं बोलता आलं असतं. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर आया उभ्या राहतात तशा, आणि मला वाटलं की या बाईचं एकोणीस वर्षांचं काम मी पालापाचोळ्याबरोबर पुरून टाकते आहे.

मी मूठ उघडली.

७

त्यांनी दात घेतला, पदराने पुसला, उन्हात धरून बघितला आणि लुगड्याच्या सोग्यात बांधला. अगदी घाई न करता. तेवढ्यात गेणभाऊ आणि अब्बा पुढून आले. दोघांचंही तोंड बघून कळत होतं की त्यांचं बोलणं झालंय. गेणभाऊंनी बायकोच्या सोग्यातली गाठ बघितली आणि ते होते तिथेच, खड्ड्याच्या कडेला, खाली बसले.   सकाळपासून चेष्टा करणारा तो माणूस दोन्ही हातांनी गवत धरून बसला होता.

लंकाबाई मात्र लगबगीने आत जाऊन दोरीवरचा शेवटचा, मोठा ड्रेस घेऊन आल्या. तो खांद्यावर टाकून त्यांनी पहिल्यांदाच वर बघितलं आणि रोजच्या आवाजात, शेळीला किंवा शेजारणीला हाक मारावी तशी, हाक मारली.

“भागू, ये खाली आता.”

कौलं वाजली. मधलं एक, मग कडेचं.

“शिडी धर गं इफरा,” त्या म्हणाल्या. “सवय न्हाई तिला. पडंल.”

मी अब्बांकडे बघितलं. ते दोन पावलं पुढे आले होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, मी ती आधी कधी बघितली नव्हती. पण त्यांची नजर शिडीच्या पायाशी होती, जिथे जमीन जरा भुसभुशीत आहे आणि डावा बांबू खचतो. आयुष्यभराची सवय. सकाळीच त्यांनी मला ती जागा दाखवली होती.

“डावी बाजू दाब,” अब्बा म्हणाले. “नीट धर.”

मी जाऊन शिडी धरली. दोन्ही हातांनी, अंग टेकून, आणि डोळे घट्ट मिटून घेतले. बांबूला कान लागला होता, त्यामुळे मला सगळं आतून ऐकू येत होतं. वरची पायरी करकरली. थांबली. मग दुसरी. वजन फार नव्हतं. पाय आधी चाचपत होता, मग टेकत होता, मग दुसरा तिथेच येत होता, लहान मुलं उतरतात तसा. प्रत्येक पायरीला ओल्या पाचोळ्याचा वास जवळ येत होता आणि माझ्या डोक्यावर, केसांत, गाळाचे बारीक थेंब पडत होते. माझ्या मनात एकच होतं की आता हात सोडले तर हे माझ्या अंगावर पडेल, आणि दुसरं असंही होतं की पडलं तर त्याला लागेल. या दोन्हींत मला जास्त कशाची भीती वाटत होती, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

माझ्या तोंडासमोरच्या पायरीवर ते थांबलं. बराच वेळ. श्वास माझ्या कपाळावर येत होता, थंड. मग माझ्या मनगटावर एक हात टेकला. लहान, चिकट, जोर लावून धरणारा. आधाराला. शेवटच्या दोन पायऱ्या राहिल्या की कोणीही टेकवतं तसा. मी दचकले नाही. मला दचकून चालणार नव्हतं.

एक पायरी. आणखी एक. बांबू हलका झाला.

माझी बोटं अब्बांनी एकेक करून सोडवली. डोळे मी उघडले नाहीत. गेणभाऊंचं रडणं ऐकू येत होतं आणि त्यातून लंकाबाईंचा, कौतुकाने आणि जरा रागाने भरलेला आवाज.

“आता काय तशीच घरात येतीस व्हय? पाय बघ किती भरल्यात. आदी मोरीवर चल.”

मग तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि ओल्या पायांचा.